आधी बोलेल तो हरेल

अंबिकाच्या आईचे पापड गच्चीवर वाळत होते आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक माणूस उभा होता. खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं, एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत.

“अहो! पाय कुठे ठेवताय?”

“तेच बघतोय ना मॅडम… जागाच न्हाय!”

अंबिकाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. तो कसाबसा बाहेर पडला. एक पापड मोडलाच. “मोडलेला माल कंपनीचा,” म्हणत त्याने तो कच्चाच तोंडात टाकला आणि वर सांगितलं, “मीठ बरोबर हाय.”

हा एरिक. उत्तनच्या कोळीवाड्यातला. घरचे सगळे बोटीवर, आणि हा पठ्ठ्या मीरा रोडच्या गच्च्यांवरून केबल ओढत फिरायचा. त्र्याण्णव साल होतं. ज्याच्या घरी केबल नाही, त्याच्याकडे पाहुणेसुद्धा टिकत नव्हते.

अंबिका मुंबईला एम.बी.ए. करत होती. प्रोजेक्टसाठी वर्गातल्या बाकीच्यांनी साबण, शीतपेयं, स्कूटर असले मोठमोठे धंदे निवडले. हिने एरिकची केबल निवडली.

“त्या पापडवाल्याची?” आईने विचारलं.

“केबलवाल्याची!” अंबिका म्हणाली, जरा जास्तच जोरात.

एरिकचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावरचा एक गाळा. दोन व्हीसीआर, कॅसेटींचा ढीग, एक टेबल. रोज संध्याकाळी तो पिक्चर लावायचा. अंबिकाने आठवडाभर नुसतं बघितलं आणि मग सांगितलं, “लोकांना पिक्चर कुठेही मिळतात. पाण्याचा टँकर कधी येणार, ते कुणीच सांगत नाही. तू सांग.”

“मी? माझं तोंड बघून लोक टीव्ही बंद करतील. तू सांग ना!”

आणि अशी ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलेली गोष्ट थेट पडद्यावर गेली. पिक्चरच्या आधी दहा मिनिटं अंबिका बातम्या द्यायची. टँकर, लाईट, हरवलेली कुत्री, साडीच्या दुकानातला सेल. कॅमेऱ्यामागे एरिक. भाजीवालीसुद्धा तिला ‘टीव्हीवाली ताई’ म्हणून कोथिंबीर फुकट द्यायला लागली.

मग एक मोठं केबल नेटवर्क सगळ्या केबलवाल्यांशी भागीदारीचे सौदे करत मीरा रोडला पोचलं. एरिक घाबरला. “ते लोक सुटाबुटात येणार. मी भडाभडा बोलून बसेन.”

“आमच्या सरांनी एकच नियम शिकवलाय,” अंबिका म्हणाली. “आपली अट सांगायची आणि गप्प बसायचं. नंतर जो आधी बोलेल तो हरेल.”

त्याची तालीम सुरू झाली. समोरासमोर दोन स्टुलं. जो आधी बोलेल त्याने वडापाव द्यायचा. एरिक रोज हरायचा.

“अरे, तू गप्प का नाही बसत?”

“मी बसतो गं… पण तुझे डोळे काहीतरी विचारत असतात. मग उत्तर द्यायला नको?”

तो वडापाव अंबिकाला तिखट लागला नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

नेटवर्कच्या माणसापुढे मात्र एरिक दगडासारखा बसला. पंखा फिरत होता, तो माणूस चुळबुळत होता, शेवटी त्यानेच घसा खाकरला आणि सगळं मान्य केलं. त्या दिवशी दोघं आनंदाने नुसते ओरडले! त्यानंतर मात्र स्टुलावरच्या खेळात एरिक कधीच हरला नाही. अंबिकाला त्याचं कौतुक वाटलं. वाईट वाटायला हवं होतं.

कारण परीक्षा झाली आणि तिला नोकरी लागली… दिल्लीला, एका टीव्ही कंपनीत.

अंबिकाला वाटायचं, त्याने एकदा ‘थांब’ म्हणावं. फक्त एकदा. एरिकला वाटायचं, एवढी शिकलेली मुलगी, तिला आपण कोण अडवणार? थांबायचं असेल तर तीच बोलेल. दोघंही वाट बघत राहिले. तिथे नियम लावायचा नसतो, हे त्यांना कुठल्याच सरांनी शिकवलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी तिने बातम्या संपवल्या. “उद्यापासून बातम्या आमच्या शेजारची नीलम देईल. नमस्कार.”

एरवी या शब्दावर एरिक पिक्चर लावायचा. त्या दिवशी त्याचा हात हललाच नाही. कॅमेरा चालू. ती त्याच्याकडे बघतेय, तो तिच्याकडे… आणि सगळा मीरा रोड तिच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे.

बोल ना, एरिक.

तेवढ्यात फोन वाजला. कोपऱ्यावरचे शेठ. “एरिकभाई, पिक्चर क्यूं नहीं लगाया?”

“लगाता हूं, शेठ,” एरिक म्हणाला. आधी तोच बोलला, पण भलत्याशी.

घरी आई टीव्हीसमोरच बसली होती. “अख्ख्या बिल्डिंगने बघितलं गं. काय म्हणाला तो?”

“काही नाही.”

“आणि तू?”

अंबिकाने नकारार्थी मान हलवली. “कमाल आहे तुमची,” आई म्हणाली, आणि दिल्लीला न्यायच्या पापडांचा डबा उगाचच पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

दिल्लीत अंबिकाचं नाव झालं. सौद्यात तिच्याइतकं गप्प कुणालाच बसता येत नाही, म्हणायचे. ऐकून तिला रडू यायचं. शेवटी दिवाळीला घरी आली आणि ठरवून टाकलं, पुरे झाला नियम. बस पकडून ती सरळ उत्तनला गेली.

किनाऱ्यावर जिकडे तिकडे मासळी वाळत घातलेली. ती मधेच अडकली.

“पाय कुठे ठेवताय, मॅडम?”

तोच आवाज! एरिक समोर उभा होता. तिला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं.

“जागाच नाही,” ती म्हणाली. आणि एका दमात बोलून मोकळी झाली, “एरिक, मला तू आवडतोस. मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं.”

एरिकच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. पलीकडे एक मुलगी मासळी उलटवत होती, त्याने तिकडे मान केली. “ज्युलियाना. चर्चमध्ये दोन रविवार आमच्या लग्नाची नावं पुकारली… येत्या रविवारी तिसऱ्यांदा, की मग लग्न.” तो अंबिकाकडे वळला. “मी गं… मी रोज तुझ्या फोनची वाट बघितली.”

ज्युलियानाने लांबूनच हात केला. “पाहुण्या कोण? चहा घेणार ना, बाय?” किती साधं, मोकळं हसत होती ती.

“नावं पुकारली की फादर विचारतात,” एरिक हलकेच म्हणाला, “कुणाची हरकत हाय का…” आणि अंबिकाकडे बघत राहिला. अगदी स्टुलावर बसायचा तसा.

“माझी नाही,” अंबिका लगेच म्हणाली.

ती क्षणभर जरी गप्प राहिली असती, तरी तो बोलला असता. हे तिला पक्कं ठाऊक होतं.