ओठाखालचा डाग

हॉस्पिटलच्या जिन्याच्या वळणावर शिकाऊ डॉक्टर प्रेरणा शंतनूला नेमकी सापडलीच. औषधशास्त्र विभागातला हा उंच, शांत डॉक्टर सहा महिने वॉर्डांतून एकच कागद घेऊन हिंडत होता — कुणाला औषध बाधलं असेल, तर भरून द्या. शिकाऊ डॉक्टर त्याला बघून वाट बदलायचे. औषध बाधलं असं लिहिणं म्हणजे आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडणं, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. शिकलेल्यांचं शहाणपण, दुसरं काय.

त्या दिवशी मात्र त्यानं कागद मागितला नाही. कपाळ धरून उभा होता. प्रेरणानं एप्रनच्या खिशातली अंगदुखीची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, बोटं टेकली... आणि ती पळालीच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या ओठाखाली जांभळा, गोल डाग.

तो दिसताच प्रेरणाला आपली गोळी आठवली. बिडकीनला तिच्या वडिलांनी, कडुबांनी, लेक डॉक्टर झाली म्हणून गावभर पेढे वाटलेले. आणि लेकीनं साधं विचारलं नव्हतं की ही गोळी सोसते का. वॉर्डातल्या मॅडमना कळलं, तर इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही व्हायची नाही.

"बारावीत दाढ दुखली, तेव्हाही इथंच उठला होता," शंतनू आठवून आठवून बोलत होता. "आई म्हणाली, झोपेत ओठावरून कोळी फिरला. हळद लावली. तीच गोळी असणार. जगाला विचारत फिरतो मी... आणि स्वतःचंच माहीत नाही."

प्रेरणा बघतच राहिली. दहा वर्षं. माणूस विसरला, पण कातडीनं तेवढी एक जागा लक्षात ठेवली. पुस्तकात चार ओळींत वाचलेलं समोर दिसलं, तर अंगावर काटा आला.

त्यानं हळूच सुचवलं, तुझं नाव नको, कागद मीच भरतो.

"नाय सर." घाबरली की तिच्या तोंडी गाव यायचं. "गोळी माझ्या हातची. नावबी माझंच."

तिनं त्याचा कागद भरायला घेतला. वय सत्तावीस. वजन चौसष्ट. पट्टी धरून डाग मोजला — नऊ मिलिमीटर... दोघांचेही श्वास अडकलेले. सही करून ती स्वतःच मॅडमपुढं उभी राहिली. जिन्यात गोळ्या वाटतात का, म्हणून मॅडमनी फैलावर घेतलं. मग कागद दोनदा वाचला, आणि बाकीच्या शिकाऊंना बोलावून सांगितलं, असं लिहायला शिका. दाखल्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

बाहेर शंतनू उभाच होता, तिच्यापेक्षा जास्त घामेजलेला.

"मिळाला तुम्हाला कागद," ती म्हणाली. "आता कशाला याल आमच्या वॉर्डात?"

"बाकीच्या वॉर्डांत महिन्यातून एकदा जातो. इथं रोज... का, ते तू कधी विचारलं नाहीस."

न विचारल्यानं काय होतं, ते तिनं नुकतंच पाहिलं होतं.

"आता विचारते. का?"

"तू आवडतेस म्हणून."

कान तापले, पण ह्या वेळी ती पळाली नाही.

"मग येत जा रोज," ती म्हणाली. "कागद नसला तरी."