बेचाळीस फूट तेल

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी बोलिंगच्या सात नंबरच्या लेनवर एका गृहस्थाने बॉल टाकला. बॉल झकास घसरत गेला आणि शेवटी कडेच्या पन्हळीत पडला. दहाच्या दहा पिना जागच्या जागी. दुसरा बॉलही त्याच वाटेने गेला.

"लेन वाकडी आहे का हो?" त्याने मागे वळून विचारलं.

लेनला तेल देऊन मशीन पुसत बसलेल्या मुलीने मान वर केली. "लेन सरळ आहे. बॉल चुकलाय. ताज्या तेलावर गुळगुळीत बॉल घेतलात, तो पकड कुठे घेणार?"

"मला वाटलं, चष्मा बदलायला हवा. माझंच दुकान आहे चष्म्यांचं."

ती हसली... आणि हसायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं.

तेव्हापासून तो दर मंगळवारी येऊ लागला. तेल भरपूर असेल तर खरखरीत बॉल, खेळून खेळून लेन कोरडी झाली की गुळगुळीत, एवढं तिने त्याला शिकवलं. त्याच्यासाठी काळा खरखरीत बॉल निवडला आणि बोटांची भोकंही तिनेच पाडली. अंगठा एकदा मोजला तरी चालतो. तिने तीनदा मोजला.

"वाढतोय का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"गप्प बसा. हलतोय."

सगळे तिला तेलवाली म्हणत. पण तो तशी हाक मारायचा, तेव्हा तिला ऐकत राहावंसं वाटे.

मग जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. त्याने आधी तिलाच विचारलं. पण जो तेल देतो त्याने त्या स्पर्धेत खेळायचं नाही, आणि तेल कुठवर आहे हे कुणाला सांगायचं नाही, असा तिथला नियम.

"मग... डॉक्टरीणबाईंना विचारू?"

"विचारा की! मला काय त्याचं?"

त्याने खरंच विचारलं. तिथे नेहमी खेळायला येणाऱ्या या डॉक्टरीणबाई जनावरांच्या, बैलालाही वठणीवर आणतील अशा. सरावात त्या त्याचं मनगट धरून सरळ करत. मनगट आधीपासूनच सरळ होतं, हे तेलवालीला आठ लेन पलीकडून दिसत होतं. त्या दिवसांत ती मशीन इतकी घासूनपुसून ठेवी की मामा — तिचा सख्खा मामा, तिथला मॅनेजर — म्हणाला, "अगं, रंग निघेल तिचा!"

रविवारी सकाळी स्पर्धा. पहाटेच तिने साठ फुटांच्या लेनवर बेचाळीस फुटांपर्यंत भरपूर तेल दिलं होतं. आज काळ्या बॉलचं काम होतं.

"काल लेन कोरडी होती. निळा घे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि निळा गुळगुळीत बॉल त्याच्या हातात देताना आपला हात तिथेच राहू दिला.

चष्मेवाल्याने तेलवालीकडे पाहिलं. "तू सांग."

"तिला काय विचारतोस? ती मशीन ढकलते," त्या हसत म्हणाल्या.

तेलवालीने गप्प बसायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"निळाच," ती म्हणाली. "डॉक्टर बरोबर सांगतायत."

त्याने काळा बॉल खाली ठेवला. निळा घसरत गेला... पन्हळीत. चौथ्या डावाला डॉक्टरीणबाईंनी बॉल बदलायला लावला, पण उशीर झाला होता. अकरा पिनांनी अंतिम फेरी हुकली.

तो बूट बदलत बसला होता, तिथे ती जाऊन उभी राहिली.

"मी खोटं सांगितलं."

"आज काळाच हवा होता ना?"

"हो."

"मग असं का केलंस?"

"त्यांचा हात..." ती थांबली. "त्या तुमचा हात सोडतच नव्हत्या."

त्याच्या बुटाची नाडी हातातच राहिली. मग तो हळूच म्हणाला, "आणि मला वाटायचं, तुला माझ्या अंगठ्याशीच मतलब आहे."

ती हसली नाही. तशीच मामाकडे गेली आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं. मामाने कपाळाला हात लावला, मशीनची किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "काय ते स्पर्धेची कमिटी ठरवेल."

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहापर्यंतची खबर अशी : कमिटी बसलेली नाही. किल्ली मामाच्याच खिशात आहे. तेल देणं बंद, त्यामुळे तेलवालीला निदान खेळायला मोकळीक आहे. पुढच्या स्पर्धेचा अर्ज काउंटरवर आहे. पहिलं नाव चष्मेवाल्याचं. दुसऱ्या नावाच्या रेघेवर तिचं पेन टेकलेलं आहे.

"लिही ना," तो म्हणतो आहे.

"या वेळी जोडी माझ्याशी, हे डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?" ती विचारते आहे.

तो खिशातून फोन काढून डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधतो आहे.