उबेला मज्जाव

मंगळावरच्या अरुणग्राम वसाहतीत धुळीचं वादळ हटायचं नाव घेईना. सूर्यपट्ट्या आंधळ्या झाल्या, वीज आटली आणि हरितघरांतला पारा गोठणबिंदूखाली घसरला. बाकीच्या हरितघरांतला गहू एका फटक्यात काळवंडून आडवा झाला. डॉ. शाल्मली घोडके यांच्या घरातला मात्र ताठ उभा होता. बियाण्याचा तेवढाच गहू उरला होता. तो गेला तर वसाहतीत पुन्हा पोळी भाजली जाणार नव्हती.

वसाहतप्रमुख डॉ. त्र्यंबक बोरवणकर अंगावरची विजेरी गोधडी सावरत, धापा टाकत आले. "शाल्मलीबाई, राखीव संचातली सगळी वीज समितीनं तुम्हाला दिलीय! उद्यापर्यंत घर उबदार राहील."

"नको."

"अहो, काय बोलताय काय?"

"सर, वादळ अजून चार दिवस आहे. उद्या ऊब संपली की काय करायचं?"

गेला महिनाभर ती रोज हरितघर तापवणारा तापक थोडा थोडा मंद करत होती, तेव्हा याच गृहस्थांनी भर बैठकीत तिला पिकाची सावत्र आई म्हटलं होतं. तो घाव अजून ओला होता.

"पेशीचं आवरण स्निग्ध असतं," ती म्हणाली. "लाडात वाढलेल्या पेशीचं आवरण थंडीत तुपासारखं थिजतं आणि फाटतं. हळूहळू थंडीची सवय लावली, की पेशी ते तेलासारखं पातळ ठेवते. आत साखर साठवते. पाक सहजी गोठत नाही. हा शीतसंस्कार. पण ऊब लागली की पेशीला वाटतं, हिवाळा सरला. साखर वाढीवर उधळते, आवरण पुन्हा तुपासारखं होतं. त्यावर थंडी आली की खेळ खलास."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर मला खुशाल फाडून खा. ती वीज बालवाडीत वळवा, पोरं कुडकुडताहेत." तिनं तापकाची तारच उपटली.

बोरवणकर रोपांकडे बघत राहिले. "निदान कोपऱ्यातल्या कोवळ्या ओळी तरी..."

"एकही नाही!"

ती तरातरा कुलूप आणायला गेली. परतली तेव्हा बोरवणकर निघून गेले होते. तिनं दार बंद केलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

वादळ सरल्यावर अख्खी वसाहत दाराशी जमली. कुलूप निघालं. आत गहू हिरवागार उभा होता, आणि लोकांनी एकच गलका केला. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोपऱ्यातल्या तीन ओळी तेवढ्या काळ्या पडल्या होत्या. त्यांच्यावर एक विजेरी गोधडी नीट खोचून पांघरलेली होती. तिची वीज केव्हाच संपली होती.

ती गोधडी कोणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोरवणकरांच्या थंडीनं सुजलेल्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या.

"राहवलं नाही हो," ते पुटपुटले.

शाल्मलीला भयंकर राग आला, आणि तितकीच कणवही. तिनं गोधडी झटकून त्यांच्या खांद्यावर टाकली.

"ही तुम्ही पांघरा, सर. आणि सगळ्या हरितघरांच्या तापकांच्या किल्ल्या इकडे द्या."

बोरवणकरांनी जुडगा काढून तिच्या हातात ठेवला.