काठोकाठ पेला

फंगह्वांग डोंगरावर धुकं इतकं दाटलं होतं की स्कूटर आधी ऐकू आली, माणूस नंतर दिसला.

“श्यू काकांचं घर कुठलं हो?”

वानछिंगने पाठीवरची चहाच्या पानांची टोपली सावरली. “चहाचा भाव करायला आलात? मग आल्या वाटेने परत फिरा. हाकलून देतात ते.”

“छे, नुसता चहा प्यायला. मी छन बोयाओ, ग्वांगझौचा.” तो हसला, आणि गालावर खळी पडली.

“ग्वांगझौचे सगळे असंच म्हणतात,” म्हणत ती पुढे निघाली. आपण त्याच काकांची लेक, हे सांगायचं राहूनच गेलं.

घटकाभराने किटली तिच्याच हातात होती आणि समोर तो. भावाचं त्याने नावसुद्धा काढलं नाही. चहाची जुनी झाडं, पणजोबांच्या काळी सयामला चहा नेणारी, पुढचं टोक लाल रंगवलेली गलबतं... तो विचारत गेला, बाबा खुलत गेले. चहाआधी माणूस चाखावा, ही त्यांची रीत. आता हा पसंत पडणार, पुन्हा पुन्हा येणार, असं तिच्या मनात आलं, आणि नेमकी त्याची नजर वर उठली.

पेला काठोकाठ भरला.

पाहुण्याला सात हिस्से चहा, उरलेले तीन हिस्से मायेचे. काठोकाठ पेला म्हणजे — आता उठा. डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बोयाओ उठला, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडला.

“पोरी, काय केलंस हे?” बाबांना उत्तर द्यायला ती थांबलीच नाही.

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. स्कूटर चालू व्हायच्या आत तिने त्याला गाठलं.

“अहो... थांबा ना.”

“कळलं मला. कान धरून बाहेर काढण्यापेक्षा हे बरं.”

“जा म्हणून नव्हता भरला.”

“मग?”

“किटलीकडे लक्षच नव्हतं माझं.”

“कुठे होतं?”

ती आपल्या ओल्या चपलांकडे बघत राहिली. “समोर कोण बसलं होतं... आणि वर मलाच विचारतोस?”

एकेरीवर आलेली ती त्याला भलतीच आवडली. “मग आत येऊन आता भाव विचारू?”

“चुकूनही नको. पहिल्या वर्षी आमच्याकडे नुसता चहा प्यायचा असतो.”

“आणि दुसऱ्या वर्षी?”

“दुसऱ्या वर्षी...” तिचे कान लाल झाले. “आई-वडिलांना घेऊन यायचं.”

त्याने स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली.

“दोघांना उद्याच्याच गाडीत बसवतो,” तो म्हणाला. “वर्षं मागाहून मोजू.”