खारीच्या दारात म्हटलेलं 'येतो'

बसा रे जवळ, कंदील राहू द्या. मोरेश्वर चुरी माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे, म्हणून ही थाप नव्हे हे छातीठोक सांगतो. मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयात ते नोकरीला होते. परमुलखात गेलेल्यांच्या हकिकती टिपायच्या, त्यांच्या वस्तू मिळवायच्या, हे काम. माणूस भारी चिवट. रिकाम्या हाताने कधी परतला नाही.

१९३८ साल, सोळा डिसेंबर, शुक्रवार. भाईंदरजवळच्या खारी गावात ते एका पत्र्याच्या पेटीसाठी गेले. घरी बायकोचे दिवस भरले होते, म्हणून रात्रीची शेवटची गाडी गाठायचीच होती.

रामनाथ नावाच्या मिठागरवाल्याने एका बंद घराचं कुलूप काढलं. "ही धर्माची पेटी. आमच्या काकीचा एकुलता. 'येतो' बोलून बोटीनं तिकडं इराकात बसऱ्याला गेला, न् पेटी तेवढी परत आयली. काकी मरंपर्यंत दार लावायची न्हाय."

चुरींनी सगळं वहीत उतरवलं. पेटी उघडून पाहिली, रिकामी. उंबऱ्याबाहेर पडताना सवयीने म्हणाले, "बरं, येतो."

आपण 'जातो' म्हणतो का कधी? अभद्र वाटतं. पण रामनाथचा चेहरा उतरला. घाईघाईने कुलूप घालून तो आपल्या घरी गेला.

साडेआठला चुरी पेटी खांद्यावर घेऊन मिठागराच्या बांधाला लागले. समोर स्टेशनचा दिवा. पाऊण तास चालले. दिवा जवळ आला... तर समोर तेच घर.

चकवा लागला म्हणावा, तर बांध सरळ. पुन्हा निघाले. पुन्हा तेच घर. या खेपेला दाराला कुलूप नव्हतं.

तिसऱ्यांदा धावले. पेटी टाकायला गेले, तर बोटं सुटेनात. पुन्हा घर. दार सताड उघडं. आत काळोख.

"आयलास?"

म्हातारीचा आवाज. मायेचा. तेच भयंकर, पोरांनो. एक पाय आपसूक उंबऱ्याआत पडला. उचलेना. दूर शेवटच्या गाडीची शिट्टी झाली... बायको डोळ्यांपुढे आली. चुरी चक्क रडले.

आणि उमगलं. शब्द त्यांनीच दिला होता. येतो म्हणाले होते.

"आई..." जीभ रेटेना. "मी... मी जातो."

काही नाही. वारासुद्धा नाही.

मग आत कुणीतरी हुंदका गिळला.

"बरं."

पाय सुटला. मागे न बघता चुरी स्टेशनात पोचले आणि पहाटेच्या गाडीने घरी आले. बायको सुखरूप होती, कुशीत मुलगी.

सोमवारी संग्रहालयात नोंद करायला त्यांनी पेटी उघडली. आत धुवट फडक्यात तांदळाची भाकर बांधलेली होती, परगावी जाणाऱ्या लेकराला देतात तशी. गाठ सोडताना चुरींचं बोट भाजलं.