दहाव्या रुग्णाची रेघ

"उद्या विद्यापीठाची समिती मला संशोधनातून काढून टाकणार," संशोधक मुलगी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

वहिनींनी तिला आधी पाणी दिलं, मग प्रश्न विचारले. वहिनी खाजगी तपासाची कामं करत आणि त्यांचे धाकटे दीर, भावोजी, पिशवी धरून मागे हिंडत. डोकं वहिनींचं, पाय भावोजींचे, अशी घरात थट्टा चाले.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या दहा रुग्णांच्या बुटांत मुलीने एक पातळ पट्टी बसवली होती. पट्टी दाबाने वीज देते आणि चालण्याचा आलेख संगणकावर उमटतो. दहावा आलेख बनावट निघाला, कारण आलेखावरच्या तारखेला ते दहावे रुग्ण, एक आजोबा, आलेच नव्हते. संगणकाचा पासवर्ड तिघांकडेच होता: ती, तंत्रज्ञ आणि रुग्ण तपासणारे डॉक्टर. आलेखातलं तिलाच जास्त कळतं, म्हणून बोट तिच्याकडे.

प्रयोगशाळेत वहिनींनी तो आलेख पाहिला. त्यातल्या नोंदीनुसार आजोबा पाच मिनिटं स्थिर उभे, आणि रेघ पाच मिनिटं वर.

भावोजींनी हौसेने एक पट्टी अंगठ्याने दाबून धरली. पडद्यावरची रेघ उसळली आणि अंगठा तसाच असताना खाली बसली. आपण पट्टी मोडली असं वाटून त्यांनी गुपचूप हात खिशात घातला.

तंत्रज्ञाने सांगितलं, तो रोज वजन ठेवून पट्ट्या तपासतो. वजन ठेवताना आणि उचलताना रेघ हलते, एरवी नाही.

वहिनींनी आलेख दाखवला तेव्हा डॉक्टर घाईत होते. "माणूस उभा आहे म्हणजे पायावर भार आहे. भार आहे तोवर रेघ वर राहणारच. रेघेत तर काही चूक दिसत नाही."

वहिनींनी सगळ्यांना मार्गदर्शक प्राध्यापकांच्या खोलीत बोलावलं.

"भावोजी, पट्टी मोडलेली नाही. दाब बदलला तरच ती वीज देते. स्थिर उभ्या माणसाची रेघ शून्यावरच यायला हवी. बनवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. ही मुलगी दोन वर्षं हेच करतेय, तंत्रज्ञ रोज पाहतो. डॉक्टर, तुम्ही पट्टी कधी दाबून पाहिलीत का?"

आलेख आपणच बनवला, असं डॉक्टरांनी कबूल केलं. अहवालाची मुदत संपत आली होती, आजोबा आजारी होते, एका आलेखाने काय बिघडणार असं वाटलं, म्हणाले. समितीला आजच लिहून देतो, हेही त्यांनीच सांगितलं.

"मी तुला साधं विचारलंही नाही. माझं चुकलं," प्राध्यापक मुलीला म्हणाले.

तिने डोळे पुसले आणि आजोबांना फोन लावला. ठेवला तेव्हा ती हसत होती.

"बरे आहेत. परवा येतो म्हणाले, काठी न घेता."