दंडावरची गाठ

"सहासष्ट," असा पुकारा झाला आणि त्वचारोग विभागाच्या बाकावरून दोघं एकदम उठली.

"माझा नंबर आहे," त्यातली मुलगी म्हणाली.

"तुमचा नव्याण्णव आहे..." शेजारचा उंच तरुण तिच्या टोकनवरचे इंग्रजी आकडे बघत हळूच म्हणाला, "उलटं धरलंय तुम्ही."

ती कानापर्यंत लाल झाली. दहा मिनिटांनी तो मलमाची ट्यूब घेऊन बाहेर आला आणि पुन्हा तिच्याशेजारीच बसला.

"झालं ना तुमचं?"

"झालं. पण मधले बत्तीस नंबर तुम्ही एकटीनं कसे काढणार?"

तो शाळेत भूगोल शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. दोन वर्षांपासून डायलिसिसवर होता, त्यामुळे अंगाला खाज सुटायची. ती नाटकांचे कपडे शिवायची; दादाच्या पाठची म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. चार वर्षांपूर्वी दादानं तिला स्वतःची एक किडनी दिली होती. आता डाव्या दंडावर वाटाण्याएवढी गाठ आली होती आणि दोन महिन्यांत ती लिंबाएवढी झाली होती – जांभळट, टणक. त्या दिवशी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

आठवड्यानं निकाल आला. धाकटीनं पहिला फोन मास्तरला केला. तो शाळेतून तडक आला. दोघं दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसली.

"गाठ कॅन्सरच्या जातीची आहे," ती म्हणाली. "शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून मी गोळ्या घेते ना, त्यांनी शरीराचे पहारेकरीच झोपवले. मग काही पांढऱ्या पेशी माजल्या. अजून फक्त कातडीत आहे. गोळ्या कमी केल्या तर गाठ आपोआप विरेलही. पण मग... दादाची किडनी जाऊ शकते."

"दादा काय म्हणतो?"

"म्हणतो, दिलेल्या वस्तूचा मी हिशेब ठेवत नाही, तू राहा म्हणजे झालं." तिनं चहाचा कप बाजूला सारला. "मला पुन्हा त्या मशीनवर जायची भीती वाटते, मास्तर."

"मशीन मजेचं नाही, खोटं कशाला सांगू. पण माणूस जगतो. मी नद्या शिकवतो, मुलांवर ओरडतो, आणि हल्ली तर... एका फोनची वाट बघत बसतो."

"कुणाच्या?"

"आहे एक. टोकन उलटं धरते."

"धरते? एकेरीवर आलात?"

"चुकलो. धरतात."

"राहू दे," ती कपाकडे बघत म्हणाली. "धरते... बरं वाटतं ऐकायला."

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या कमी झाल्या. दर सोमवारी रक्त तपासायचं, दर सोमवारी निकालाची वाट बघायची. संध्याकाळी मास्तर शिवणखोलीत यायचा, मापाची टेप गळ्यात अडकवून तिला हसवायचा, आणि निघताना गाठ किती उरली ते विचारायचा. लिंबाची सुपारी झाली. सुपारीचा वाटाणा.

नवव्या आठवड्यात डॉक्टरांनी दंडावरून बोट फिरवलं आणि हसले. तिथं फक्त तपकिरी डाग होता. किडनी ठणठणीत. दर तीन महिन्यांनी दाखवून जायचं, एवढंच.

धाकटी दोन-दोन पायऱ्या चढत डायलिसिसच्या खोलीत पोचली. मास्तरच्या डाव्या हाताला सुया होत्या, नळ्यांतून रक्त फिरत होतं. तिनं बाही वर केली. तो बघतच राहिला, मग मान वळवून त्यानं डोळे पुसले.

"आता ऐक," ती धापा टाकत म्हणाली. "आत्ता तुला पळता येणार नाही, म्हणून आत्ताच विचारते. माझ्याशी लग्न करशील?"

"अगं... माझं नाव नुसतं यादीत आहे. किडनी कधी मिळेल, मिळेल की नाही –"

"माझी गाठही परत येऊ शकते. मग काय, तोवर दोघांनी वेगवेगळं घाबरायचं?"

रक्तदाब मोजायला आलेली नर्स पट्टा सोडता सोडता थबकली. "बाई, यांचा आकडा वाढतोय. काय ते लवकर ठरवा, मला लिहायचंय."

"लिहा सिस्टर," मास्तर धाकटीवरची नजर न काढता म्हणाला. "पेशंट हो म्हणालाय म्हणून लिहा."

आणि सुया नसलेला हात त्यानं पुढे केला.